डावा बूट

डाव्या बुटाच्या चवड्यावर, बोटं दुमडतात तिथे, एक आडवी भेग आहे. तर्जनीच्या दोन पेरांएवढी. मेण भरलं की दिसेनाशी होते आणि बूट घालून चार पावलं चाललं की परत डोळे उघडते. पाणी आता तिथून शिरत नाही, तशी व्यवस्था करून घेतली आहे. पण दर जूनमध्ये बूट साफ करायला घेतले की हात आधी तिथेच जातो आणि आत्यावर ओरडलो होतो ती सकाळ आठवते.

जुलैचा दुसरा आठवडा होता. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगड, दापोली करत दाभोळला पोचेपर्यंत पावसाने उसंत म्हणून दिली नव्हती. गुहागर तालुक्यात जायला हा रस्ता काही सोयीचा नाही. कुंभार्लीने चिपळूणला उतरलं तर बराच वेळ वाचतो. पण दाभोळ-धोपावे फेरीबोट चुकवायची नाही हा माझा जुना हट्ट. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे काही मिनिटं गाडीचं इंजिन बंद, हेल्मेट हातात, समोर पावसात विरघळलेला काठ, एवढ्यासाठी मी तासभर वाकडी वाट करतो. बोट धक्क्याला लागली की तिचा लोखंडी जबडा खाली येतो आणि खाडीचं पाणी त्याच्या कडेवरून आत-बाहेर करत राहतं. मी बुलेट उतरवत होतो. मागचं चाक शेवाळावर सरकलं, गाडी डावीकडे कलली आणि तोल सावरायला पाय टेकला तो थेट खाडीत, घोट्याच्या वरपर्यंत. उजवा पाय ब्रेकवर होता. तो नुसता पावसाने भिजला, डावा खारट झाला.

हेदवीच्या अलीकडे आत्याचं घर. पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. पडवीच्या टोकाला बसून बूट काढले, उलटे केले तर डाव्यातून तांब्याभर पाणी पडलं. मोजे पिळले. आत्या दारात उभी राहून बघत होती. "सकाळी कधी निघणार?" म्हणाली. म्हटलं, सहाला, दुपारपर्यंत कराडला पोचायचंय. "मग हे वाळायचे कसे?" नाही वाळणार, म्हटलं, ओलेच घालीन, सवय आहे. तिने "हं" केलं. आत्याचं "हं" म्हणजे विषय संपला असं मी समजत आलो होतो. कुळथाचं पिठलं, भात, पोह्याचा पापड, आणि मग पागोळ्यांच्या आवाजात मेल्यासारखा झोपलो.

पहाटे जाग आली ती वासाने. जळकट नाही म्हणता यायचं. केस चुरचुरावेत आणि त्यात खळ शिजत असावी असा काहीतरी. वासाच्या मागे गेलो तर न्हाणीघरात चूल पेटलेली, वर आंघोळीच्या पाण्याचा हंडा, आणि चुलीसमोर एका पाय मोडक्या पाटावर माझे दोन्ही बूट, चवडे आगीकडे करून, थंडीत शेकत बसलेल्या दोन पोरांसारखे. डावा हातात घेतला. लाकूड. अंगठ्याने दाबलं तर दबेना. पुढून तळव्याचा गोंद सुटून ओठ उघडल्यासारखी फट पडली होती. आणि मी ओरडलो. "कोणी सांगितलं होतं तुला? चामडं असं वाळवतात का? वाट लावलीस बुटांची!"

आत्या काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं ओले घालून जाशील," आणि चहा टाकायला गेली.

चहा प्यायलो. पाया पडलो, तेही घाईने. डाव्या बुटात पाय कोंबताना चांगलाच कोंबावा लागला. शृंगारतळीच्या पुढे कुठेतरी, तिसऱ्यातून चौथ्यात जाताना, पायाच्या बोटांनी गिअर वर उचलला आणि चवड्यावर काहीतरी करकरलं. भेग पडली ती तिथे. सहा-साडेसहा हजारांचे बूट, तेही एका मित्राकडून अर्ध्या किमतीत घेतलेले, पण पहिल्या दिवसापासून माझ्या पायाला बसलेले. चिपळूण येईपर्यंत मी मनात आत्याशी भांडत होतो. कराड राहिलंच, चिपळूणला आधी बूट दाखवावे म्हणून थांबलो, आणि गाडी स्टँडला लावताना एकदम लख्ख दिसलं.

आत्याने चामडं घरात नेलं होतं.

हे ज्यांना कळणार नाही त्यांना समजावून सांगणं कठीण आहे आणि ज्यांना कळेल त्यांना सांगायची गरज नाही. आत्याच्या घरात वहाणा पडवीच्या खालच्या पायरीच्या वर येत नाहीत. कमरेचा पट्टा काढल्याशिवाय पानावर बसू देत नाही. "कातडं बांधून जेवतोस?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. पाकीट खिशात असेल तर देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं. चुकून पायताणाला हात लागला तर तिने सांगायच्या आधीच आम्ही पोरं हात धुवायला पळायचो. न्हाणीघर तिच्या घराच्या पार मागच्या अंगाला. बाहेरून जावं तर त्या रात्री परसात घोटाभर पाणी होतं. म्हणजे ती माझे बूट घेऊन पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात, देवघराला उजवीकडे ठेवून स्वयंपाकघरातून मागे गेली असणार. कोरडे असताना एकेक बूट किलोभराचा भरतो. भिजलेले किती झाले असतील? चौऱ्याहत्तरीची बाई. आणि मोडका का असेना, पण पाट. ज्यावर माणसं जेवायला बसतात तो पाट.

हे सगळं कौतुकाने लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. कारण त्याच घरातली दुसरी आठवणही मला आहे. मी सात-आठ वर्षांचा असताना पावसाळ्याच्या तोंडावर, आगोटीच्या दिवसांत, वहाणा शिवून द्यायला एक म्हातारा यायचा. खळ्याच्या पलीकडे, फणसाखाली बसायचा. त्याचा चहा कान तुटलेल्या कपात जायचा, तो कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा, आणि चहा वरून ओतला जायचा. ओतणारी कधी आजी असायची, कधी आत्या. घरात कोणी त्याबद्दल वाईट बोलायचं नाही, उलट "हात सोन्याचा आहे त्याचा" म्हणायचे. सोन्याचा हात आणि कान तुटलेला कप. दोन्ही मी एकाच नजरेने पाहिलंय आणि तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं, हे जास्त खटकतं. भाच्यासाठी चामडं देवघरावरून नेणं हे प्रेम झालं. पण त्या म्हाताऱ्याला धड कप मिळायला कोणाचा भाचा व्हायला हवं होतं?

असो. चिपळूणला एसटी स्टँडजवळ बसणारे एक काका आहेत. डोक्यावर निळं प्लास्टिक, समोर लोखंडी ऐरण, बाजूला रापी, आऱ्या, आणि मेणाचा एक काळा पडलेला गोळा. त्यांनी बूट हातात घेतला, नाकाला लावला आणि विचारलं, "चुलीवर ठेवलेलात?" मी मान हलवली. कोणी ठेवला ते सांगितलं नाही. त्यांनी आतल्या कडेला रापीने नखाएवढा पापुद्रा काढून मला दाखवला. वरून तपकिरी, पण कापलेल्या जागी करडट निळसर. "क्रोमचं हाय," म्हणाले. "म्हणून वाचलं. कोल्हापुरी असतं तर पापड झाला असता." कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. त्याला पाणी आणि आच एकदम सोसत नाही. क्रोमचे क्षार घालून कमावलेलं चामडं त्या मानाने निगरगट्ट. हिरडा म्हटल्यावर मला हसू आलं. आत्याच्या फडताळात हिरड्याचा डबा कायम असतो, पोट बिघडलं की उगाळून देते. जे पोटात चालतं तेच कातडं कमावतं, हे तिला सांगायची तेव्हा सोय नव्हती.

चामडं म्हणजे शेवटी तंतूंचं जाळं, आणि त्या तंतूंच्या मध्ये तेल असतं म्हणून ते एकमेकांवरून सरकतात. बूट मऊ असतो तो याच सरकण्यामुळे. भिजलं की पाणी आत शिरतं. सावलीत हळूहळू वाळलं तर फारसं बिघडत नाही. आच लावून घाईने वाळवलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात, जिथे दुमडायला हवं तिथे दुमडत नाहीत, तुटतात. काकांनी हे इतक्या शब्दांत सांगितलं नाही. ते म्हणाले, "त्याला ताप आला असं समजा. तापात माणसाला पळवलात तुम्ही." भेगेवर टाका घाला म्हटलं तर नाही म्हणाले, टाका घातला की प्रत्येक भोकापासून नवीन भेग धरते. आतून पातळ चामड्याचं ठिगळ चिकटवून दिलं, तळवा नव्याने बसवला, पुढच्या बाजूने शिवून घेतला. शिवायच्या आधी दोरा त्या काळ्या गोळ्यावरून तीनदा ओढला. मेण लावलेला दोरा भोकात गच्च बसतो आणि पाणी धरत नाही. मी विचारलं, गोळा किती जुना? "पुरातला," म्हणाले. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने अख्खी बाजारपेठ पोटात घेतली तेव्हा त्यांची पेटी वाहून गेली, आठवड्याने चिखलात हा गोळा सापडला. ऐरण जागेवरच होती. नंतर महिनाभर लोक चिखलाने भरलेल्या चपला-बूट पोत्यांनी आणून टाकत होते, म्हणाले, आणि त्यातले निम्मे त्यांनी घेतलेच नाहीत. उन्हात टाकून कडक केलेले होते.

म्हणजे ओले बूट आचेला लावणारी एकटी आत्याच नव्हती, हे ऐकून जरा बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

त्यानंतर मी बूट साफ करायला नीट शिकलो. आधी आळशीपणा होता. कॉलेजात असल्यापासून चामडं म्हटलं की खोबरेल, हे कोकणी डोक्यात पक्कं. एका पावसाळ्याआधी बुटांना खोबरेल चोपडून पिशवीत बांधून ठेवले, दहीहंडीला काढले तर हिरवट-पांढरी लव आलेली, हाताला गुदगुल्या होतील इतकी. बुरशीला ओल, अंधार आणि खायला एवढंच लागतं, मी तिन्ही पुरवलं होतं. आणि लहानपणचा पॉलिशचा डबा? वडील रविवारी सकाळी ओटीवर पेपर पसरून शाळेचे बूट चमकवायचे, त्यामुळे पॉलिश म्हणजे बुटाचं रक्षण असा माझा समज. ते झळकतं, पाणी फार अडवत नाही. त्या कीवी नावाच्या डब्याची गंमत म्हणजे पक्षी न्यूझीलंडचा आणि डबा निघाला 1906 साली ऑस्ट्रेलियात. बनवणाऱ्याची बायको न्यूझीलंडची होती म्हणून. बायकोच्या माहेरासाठी माणूस काय काय करतो.

आता माझी रीत अशी. लाल माती ओली असताना हात लावायचा नाही. जांभ्याची माती, तिच्यात लोखंड, ओली चोळली तर चामड्याच्या रंध्रांत जाऊन बसते आणि तपकिरी बुटाला कायमचा गंजका डाग देते. वाळू द्यायची, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने झटकायची. नाड्या काढायच्याच. नाड्यांसकट पुसणारे लोक असतात, मीही त्यातलाच होतो. पण माती लपते ती जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घड्यांत. जीभ बुटाला जिथे जोडलेली असते तिथली पातळ घडी उलगडली की आत पिठीसारखी लाल भुकटी आणि कधी एखादं सुरूचं पान. तिथे जुना टूथब्रश. मग ओलसर फडकं. मग खोगिराचा साबण, म्हणजे सॅडल सोप, त्याचा फेस स्पंजवर करायचा, बुटावर नाही, आणि पुसताना नळाखाली धरायचा मोह आवरायचा. डाव्या चवड्यावर गिअरच्या दांडीने घासून एक काळा चट्टा पडलाय, तो कशानेच जात नाही. उजव्यावर तो नाही. गाडी चालवणाऱ्याचे बूट जोडीने म्हातारे होत नाहीत.

मिठाचं प्रकरण वेगळं. समुद्राच्या पाण्याची रेघ बुटावर पांढरी उमटते, भरतीची खूण किनाऱ्यावर राहावी तशी, आणि ती नुसती दिसायला वाईट नसते. स्वयंपाकघरातल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ना, तेच बुटात होतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याखाली येते कधी? म्हणजे खारट बूट टांगून ठेवला तरी तो वाळायच्या ऐवजी पाणी पीत राहतो. आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसायचं, मग व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्याने, मग परत गोड्या पाण्याने. त्या सकाळी डावा जास्त आवळला आणि उजवा थोडक्यात निभावला, यात मिठाचा हात किती आणि चुलीचा किती, हे मी आता शपथेवर सांगणार नाही. सगळं चुलीवर ढकललं होतं, एवढं खरं.

पुण्यातले मित्र म्हणतात, कशाला ही कटकट, पडद्यावाले बूट घे. आत एक पातळ पडदा असतो, 1969 साली अमेरिकेत बॉब गोर नावाच्या माणसाला टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणताना सापडला तो. त्याची भोकं पाण्याच्या थेंबाला बारीक पण वाफेला मोठी, त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि घाम बाहेर जातो. मी एकदा उसने घेऊन चालवले. लडाखला उत्तम असतील. पण वाफ बाहेर जाते ती बाहेर कोरडं असलं तर. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या धुक्यात वाफेने जावं तरी कुठे? पाय आपल्याच घामात शिजला. शिवाय पाणी वरून, पँटच्या पायातून ओघळून गेलं की मग पडदा ते बाहेरही जाऊ देत नाही. वॉटरप्रूफ हा शब्द कोकणात जरा हसण्यावारीच न्यावा. आमच्याकडे पाणी अडवायची म्हणून जी जुनी साधनं आहेत, पडवीला लावायची नारळाच्या झावळ्यांची झापं, लावणीला पाठीवर घ्यायचं इरलं, होड्यांच्या लाकडाला द्यायचं उंडीचं तेल, त्यातलं एकही पाण्याला ठाम नाही म्हणत नाही. जरा थांब, बाजूने जा, एवढंच म्हणतं.

त्या वर्षी गणपतीला परत गेलो. मध्ये फोन झाले होते. बुटांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. पण आत्याची माफी मागणं म्हणजे नक्की काय करायचं हे मला माहीत नाही. आमच्या घरात कोणी कोणाची मागितलेली नाही. मोठी माणसं रागावल्यावर नंतर जेवताना एक मोदक जास्त वाढतात, तेवढाच आमचा रिवाज. विसर्जनाच्या दिवशी दुपारपासून झड लागलेली. वाडीतल्या पोरांचे ढोल ओटीवर होते, आणि एक पोरगा ढोलाचं पान झावळीच्या जाळावर हात-दीड हात लांब धरून फिरवत शेकत होता. ओलीने कातडं सैल पडतं, ढोल बद्द बोलतो, शेकलं की ताणतं आणि आवाज उठतो. आत्या त्याला सांगत होती, "लांब धर रे, आणि फिरवत राहा. तुझे आजोबा असा धरायचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आतोबा पण शेकायचे. न्हाणीच्या चुलीपाशीच. पालखीचा ढोल पावसात आपल्याच घरी असायचा."

मी काही बोललो नाही. ढोल आयुष्यभर तिच्या माजघरात भिंतीला टांगलेला होता. ते कातडं तिने कातडं धरलंच नव्हतं. आणि ढोलाच्या कातड्याला जे हवं असतं तेच बुटाच्या कातड्याला नको असतं. ढोलाचं कमावलेलं नसतं, ताणलं जावं म्हणूनच बांधलेलं असतं. तिने अडाणीपणाने काही केलं नव्हतं. तिला चामड्याबद्दल जे चाळीस-पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं ते तिने केलं होतं. मला यूट्यूबवरून दोन वर्षांपूर्वी कळलेलं मी तिच्या अंगावर फेकलं होतं.

संध्याकाळी समुद्रावरून आलो तेव्हा बूट परत ओले. मी पडवीत बसून पेपराचे बोळे करत होतो. पावसाळ्यातला पेपर, हातात घेतला की भिजलेल्या पोळीसारखा लोंबतो. तो काय पाणी शोषणार? आत्या बाहेर आली, जरा वेळ बघितलं, माझ्या हातातली रद्दी घेऊन आत गेली. परत आली तेव्हा कागद कडकडीत, ऊन ऊन. चुलीच्या उताऱ्यावर शेकून आणले होते.

"बुटाला आच नको ना? पेपराला चालेल," म्हणाली.

तेव्हापासून मी पुण्यातही तेच करतो, तव्यावर. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी बोळे बदलायचे, नंतर सकाळ-संध्याकाळ, पंख्याच्या वाऱ्यात, भिंतीपासून लांब, आडवे करून. म्हणजे तळव्यालाही वारा लागतो. पावसाळ्यात तीन दिवस धरून चालायचं. पुरते खडखडीत व्हायच्या आधी, किंचित गार लागताहेत अशा वेळी तेलाचा हात द्यायचा, आणि वाळले की मेण.

या जूनमध्ये मेण घालायचं काम मी तिच्या पडवीत काढलं. मुद्दामच. पावसाला अजून चार दिवस होते, हवा गच्च, एकही पान हलत नव्हतं. खळ्यात सोलं वाळत होती, त्यांचा आंबट वास, त्यात माझ्या डब्यातल्या मेणाचा. आत्या पायरीवर बसून टाचांना कोकमाचं तेल लावत होती. ते तेल म्हणजे हातात मावेल असा पांढरट कडक गोळा, दिव्यावर जरासा धरायचा आणि भेगेवर फिरवायचा. मीही तेच करत होतो. बोटावर मेण घ्यायचं, बोटाच्या उबेने ते जरा मऊ होतं, मग शिवणीवरून लहान लहान गोल फिरवत आत जिरवायचं. पाणी चामड्यातून येतं त्याहून जास्त शिवणीच्या भोकांतून येतं आणि वरचं चामडं तळव्याला जिथे मिळतं त्या खाचेतून. तिथे कंजूषपणा नको. बाकी अंगावर मात्र पातळ. दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. जाड थर दिला की तो वरच राहतो, धूळ धरतो आणि बूट घुसमटतो. झालं की पाण्याचा थेंब टाकून बघायचा. अळवाच्या पानावर पळतो तसा पळाला पाहिजे.

"हे काय, मेण?" तिने विचारलं. मधमाशीचं, म्हटलं, आणि तेल. तिने डबा मागून घेतला, वास घेतला. "वास बरा आहे की," म्हणाली. मग बराच वेळ आपल्या टाचा चोळत राहिली. मी डावा घेतला होता, भेगेत मेण भरत होतो. तिचं लक्ष तिथे होतं हे मला कळत होतं आणि मी मान वर करत नव्हतो. "हीच का ती?" मी हो म्हटलं. "दुखत नाही ना पायाला?" नाही, म्हटलं, आतून ठिगळ आहे.

तिने हात लांब करून उजवा बूट ओढला. मांडीवर घेतला, लुगड्याचा पदर खाली सारून. दोन बोटं डब्यात घातली आणि चांगला लिंबाएवढा गोळा काढला. "एवढंएवढं लावून काय होणार आहे? ह्या पावसाला?" आणि थापायला लागली, चुलीला पोतेरं देतात तसं, सढळ हाताने, चवड्यापासून घोट्यापर्यंत. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. दोन पातळ हात. मध्ये एक रात्र. गिळून टाकलं. दोघं गप्प बसून चोळत राहिलो. समोरच्या आडावर खंड्या येऊन बसला, उडाला. अंधार पडायला लागला तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि "तुळशीला दिवा लावायचाय" म्हणत आत गेली. जाताना हात धुतले की नाही ते मी बघितलं नाही. वळून बघता आलं असतं.

रात्री ती झोपल्यावर मोबाईलच्या उजेडात उजवा बूट घेऊन बसलो. मेणाच्या थरात तिच्या बोटांचे पट्टे उमटले होते, चार-चार, शेणाने सारवलेल्या जमिनीवर उमटतात तसे. फडक्याने जास्तीचं सगळं पुसून काढलं, निम्मा डबा निघाला असेल. शिवण मात्र तिने फार चांगली भरली होती, एकही भोक मोकळं नव्हतं. तिथे फडकं लावलं नाही.